डब्यातली कार्डं आणि बाबांची माणसं

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी फक्त एक पेपर होता. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख इंग्लिशमध्ये लिहिला असता तर अर्धाच झाला असता. का, ते वाचताना कळेलच.

विषय अगदी साधा आहे. कागदी बिझनेस कार्डांचा ढीग कॉम्प्युटरवर कसा आणायचा आणि हवं ते कार्ड हव्या त्या वेळी सापडेल असा कसा लावायचा? ऐकायला दोन तासांचं काम वाटतं ना? मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात सहा आठवडे लागले. आणि पहिल्याच दिवशी मी अशी चूक केली की ती पूर्ण भरून निघालीच नाही. ती चूक तुम्ही करू नये म्हणून हा खटाटोप!

तीन डबे

आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान वडखळ नाक्याजवळ आहे. अलिबागची ट्रिप केलेल्यांना वडखळ माहीत असणारच, कारण मुंबई-गोवा हायवेवरून अलिबागचा रस्ता इथेच फुटतो. जवळच डोलवीचा स्टीलचा कारखाना. पलीकडे पेण आणि आजूबाजूच्या गावांतले गणपतीचे कारखाने. मध्ये भातशेती, गिरण्या, हॉटेलं, फार्महाऊसेस. जिथे मोटर आहे तिथे ती कधी ना कधी जळणार, आणि जळली की बाबांकडे येणार. इतका सरळ आमचा धंदा.

गेल्या श्रावणात बाबांची अँजिओप्लास्टी झाली. ते आयसीयूत, आई त्यांच्याजवळ, दुकानात दादा आणि सुट्टीला घरी आलेली मी. नेमकं तेव्हाच, एका रविवारी दुपारी, गणपतीच्या एका कारखान्यातून फोन आला. रंगाच्या स्प्रेला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरची मोटर जळली होती. मूर्ती रंगाच्या शेवटच्या हाताला आलेल्या, गाड्या भरायच्या तारखा ठरलेल्या. दादाने वाइंडिंग रात्रीपर्यंत करून टाकलं, पण बेअरिंगही गेलेलं. मोटर जुनी, माप वेगळं, पेणमध्ये मिळेना. बाबा असते तर त्यांनी एक फोन केला असता. कोणाला, ते मात्र आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

मग गल्ल्याखालचे बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे जमिनीवर पालथे केले. सातशेच्या आसपास कार्डं! दोन तास शोधलं. बेअरिंगवाल्यांची पाच कार्डं मिळाली. दोन नंबर अस्तित्वातच नव्हते, दोघांनी रविवार म्हणून उचलला नाही. पाचव्या कार्डाच्या मागे बाबांच्या अक्षरात बारीक लिहिलं होतं, ‘रवि. चालू’. तिथे फोन लागला. त्या काकांनी आधी बाबांची चौकशी केली आणि मग अलिबागला येणाऱ्या एका टेम्पोत पार्सल टाकलं. पहाटे मोटर फिरली.

त्या रात्री एक गोष्ट लक्षात आली. आमचं दुकान म्हणजे वाइंडिंगचं मशीन आणि तांब्याची तार नव्हे. आमचं दुकान म्हणजे हे तीन डबे आणि बाबांचं डोकं. डबे आमच्या हातात होते, डोकं आयसीयूत होतं.

पहिली चूक

दुसऱ्याच दिवशी मी इंजिनिअरच्या उत्साहाने कामाला लागले. डब्यांत कार्डांच्या गड्ड्या होत्या, रबरबँड लावलेल्या. मी सगळे रबरबँड काढले, कार्डं मिसळली आणि ए टू झेड लावून टाकली. केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू!

बाबा घरी आल्यावर त्यांनी डबा उघडला आणि गप्पच झाले. मग म्हणाले, “अगं, गड्ड्या कुठे गेल्या?” तेव्हा कळलं. एक गड्डी फक्त मुंबईच्या लोहार चाळीतल्या दुकानदारांची होती, एक नागदेवी स्ट्रीटची, एक उधारी देणाऱ्यांची, एक ‘रात्री उठवलं तरी चालेल’ अशांची. यातलं काहीही कार्डांवर छापलेलं नव्हतं. ती माहिती रबरबँडमध्ये होती, आणि रबरबँड मी काढून कचऱ्यात टाकले होते.

जुने कागद सांभाळणाऱ्यांचा पहिला नियमच आहे की मूळ क्रम मोडायचा नाही. कागद कोणत्या कागदांच्या शेजारी होता, हीसुद्धा माहितीच असते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत आणि रुमाल हाच त्या कागदाचा पत्ता असतो. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ मध्ये त्या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, ते अशाच बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांतून. बिस्किटाच्या डब्याची तुलना पेशवे दफ्तराशी करणं जरा जास्तच होतंय, पण नियम तोच!

तेव्हा धडा पहिला: हात लावण्याआधी फोटो काढा. प्रत्येक गड्डीला नंबर द्या, प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलने डबा-गड्डी-कार्ड असा क्रमांक लिहा. उदाहरणार्थ २-०७-१३. एवढं केलंत की नंतर कसंही लावा, परतीचा रस्ता राहतो. मला गड्ड्या पुन्हा लावायला बाबांची मदत घ्यावी लागली, आणि शंभरेक कार्डं कुठली ते त्यांनाही आठवलं नाही.

स्कॅनिंग

थोडी कार्डं असतील तर मोबाईलचा कॅमेरा पुरे. पण शेकड्यांनी असतील तर फ्लॅटबेड स्कॅनर बरा. लॅमिनेशन केलेलं कार्ड मोबाईलखाली चकाकतं आणि तिरकं धरलं की अक्षरं लांबट होतात.

आपल्याकडचं नेहमीचं कार्ड साधारण ३.५ इंच बाय २ इंच असतं. ए-४ काचेवर दोन रांगांत पाच-पाच अशी दहा कार्डं बसतात. म्हणजे सातशे कार्डांच्या पुढच्या बाजूला ७० स्कॅन आणि मागच्या बाजूला ७०. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्या दादांनी दोन दुपारी मला मशीन वापरू दिलं. दोन युक्त्या लक्षात ठेवा. एक, कार्डांच्या वर काळा कागद ठेवा, म्हणजे पांढऱ्या कार्डाची कड स्पष्ट येते आणि प्रोग्रामला कार्डं वेगळी करता येतात. दोन, मागची बाजू स्कॅन करताना प्रत्येक कार्ड जागच्या जागी उलटा, नाहीतर कोणाची पाठ कोणाच्या तोंडाला लागेल सांगता येत नाही.

रिझोल्युशन ३०० डीपीआय पुरतं. हिशोब बघा: ३.५ गुणिले ३०० म्हणजे १०५० पिक्सेल, २ गुणिले ३०० म्हणजे ६००. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले तर एका बाजूचे १८ लाख ९० हजार बाइट, साधारण १.९ एमबी. जेपेगमध्ये ते बरंच कमी होतं. सगळा डबा एका पेनड्राईव्हमध्ये आरामात मावतो.

मशीन वाचतं तेव्हा

चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम म्हणजे ओसीआर. मी टेसरॅक्ट वापरला. ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८५ च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं आणि २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. फुकट आहे आणि मराठीही वाचतो. इंग्लिश कार्डं त्याने बरी वाचली. देवनागरीत मात्र शिरोरेषा सगळी अक्षरं एकमेकांना बांधून ठेवते, त्यात जोडाक्षरं, वरखाली मात्रा. त्यावर सोनेरी शाई आणि मागे गणपतीचं फिकट चित्र असलं की मशीन हात टेकतं. अशी मराठी कार्डं मी सरळ हाताने टाईप केली. त्यात मला लाज वाटत नाही, तेच लवकर झालं.

आणखी एक गंमत. ओळखीच्या प्रिंटरने काही कार्डांच्या मूळ फाईल्स दिल्या. कॉपी-पेस्ट केलं तर नुसती अगम्य चिन्हं! कारण ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होती, जिथे इंग्लिश अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट गेला की मराठी गेली. म्हणून तुम्ही जे काही साठवाल ते युनिकोडमध्येच साठवा.

मशीनच्या चुका पकडायला मशीनच लावता येतं. शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी यांत ओसीआर नेहमी गोंधळतो. मोबाईल नंबर दहा आकडी हवा आणि तो ६ ते ९ पैकी एका आकड्याने सुरू व्हायला हवा. जीएसटी नंबर पंधरा खुणांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढच्या दहा जागा पॅनच्या, त्यात पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. म्हणजे कोणत्या जागी शून्य आहे आणि कोणत्या जागी ओ, हे जागेवरूनच कळतं. शेवटची खूण तर तपासणीसाठीच असते. अशा साध्या नियमांनी बऱ्याच चुका आपोआप पकडल्या गेल्या. बाकीच्या डोळ्यांनीच तपासायच्या, त्याला पर्याय नाही.

एक्सेलमध्ये यादी करणार असाल तर फोनचा कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर पेणचा ०२१४३ हा कोड २१४३ होतो, पुढचं शून्य एक्सेल गिळून टाकतं! शेवटी मोबाईलमध्ये घ्यायचं असेल तर यादी व्हीकार्ड फाईलमध्ये बदला. नाव, फोन, पत्ता, टीप अशा ठरलेल्या ओळी असलेली ती साधी मजकुराची फाईल असते आणि बहुतेक सगळे फोन ती ओळखतात.

कार्डचं वय

कार्डावर तारीख क्वचितच असते. पण खुणा असतात. मला हा भाग सगळ्यात आवडला, अगदी डिटेक्टिव्हसारखा!

‘जि. कुलाबा’ छापलेलं असेल तर मजकूर १९८१ च्या आधीचा, कारण त्या वर्षी जिल्ह्याचं नाव रायगड झालं. आमच्याकडे असं एकच निघालं, आजोबांच्या काळचं. पत्त्यात ‘बॉम्बे’ असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचं. बी.एस.टी. नंबर म्हणजे जुन्या विक्रीकराचा नंबर, तो १ एप्रिल २००५ पूर्वीचा, कारण त्या दिवशी महाराष्ट्रात व्हॅट आला. व्हॅटचा नंबर असेल तर २००५ ते २०१७ च्या मधलं, आणि जीएसटी असेल तर १ जुलै २०१७ नंतरचं. ‘एन.एच. १७’ लिहिलेलं जुनं, कारण २०१० मध्ये महामार्गांचे नंबर बदलले आणि आपला रस्ता ६६ झाला. डोलवीच्या कारखान्याला ‘इस्पात’ म्हटलेलं कार्डही बहुतेक त्याच सुमाराचं किंवा आधीचं, कारण २०१० च्या शेवटी जे.एस.डब्ल्यू.ने इस्पातचा ताबा घ्यायचं जाहीर केलं. काही कार्डांवर फोन ‘९५२१४१’ असा सुरू होतो. जवळच्या भागात फोन लावताना शून्याऐवजी ९५ लावायची पद्धत एके काळी होती. पुढचं ९५ काढलं की अलिबागचा कोड उरतो!

अर्थात छापलेली कार्डं संपेपर्यंत लोक जुनीच वाटतात, त्यामुळे हा अंदाजच. पण वय कळलं की नंबर जिवंत करता येतो. मुंबईचे नंबर आधी सात आकडी होते, मग पुढे २ लागून आठ आकडी झाले. सात आकडी नंबरांपुढे ०२२-२ लावून मी फोन केले आणि त्यातले काही चक्क लागले!

वडखळ आणि वडखळ

आता शोध. आमच्याच गावाचं स्पेलिंग कार्डांवर दोन प्रकारे सापडलं, एकात डब्ल्यू, एकात व्ही. कॉम्प्युटरला ती दोन वेगळी गावं वाटतात. उच्चारावरून नावं जुळवायची साऊंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे, पण ती पहिलं अक्षर तसंच ठेवते. म्हणून एकाचा कोड डब्ल्यू-३२४ आणि दुसऱ्याचा व्ही-३२४! इथे लेव्हनश्टाइन अंतर कामाला आलं. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं. इथे उत्तर एक. अंतर एक-दोनच असेल तर प्रोग्राम मला विचारतो, ‘हे दोन एकच का?’ उत्तर मात्र माणसाने द्यायचं, कारण पाटील आणि म्हात्रे आमच्याकडे इतके आहेत की नाव सारखं म्हणजे माणूस सारखा असं मुळीच नाही. फोन नंबर जुळला तरच दोन कार्डं एकाच माणसाची धरायची.

मागची बाजू

सगळं तयार करून मी ऐटीत लॅपटॉप बाबांसमोर ठेवला. म्हटलं, “बाबा, कोणालाही शोधा.” बाबांनी विचार करून सांगितलं, “तो लोहार चाळीतला चष्मेवाला शोध.” मी टाईप केलं. शून्य रिझल्ट! चष्मेवाला म्हणजे चष्म्याचं दुकान नव्हे. तांब्याची तार विकणारे एक गृहस्थ, जाड भिंगांचा चष्मा घालणारे. कार्डावर त्यांचं नाव आहे, दुकानाचं नाव आहे, चष्मा कुठेच नाही.

आणखी फजिती पुढेच होती. चौदा कार्डांच्या मागे ‘दे. बा.’ लिहिलेलं होतं. मी तेवढं नीट वाचलं आणि चौदा जणांच्या नावाच्या रकान्यात ‘देबा’ असं भरलं. मला वाटलं कोणीतरी बंगाली पार्टनर असेल! बाबा इतके हसले की आई धावत आली, डॉक्टरांनी जोरात हसू नका म्हटलं होतं. ‘दे. बा.’ म्हणजे देणे बाकी. मशीनला अक्षरं वाचता आली नव्हती. मला अक्षरं वाचता आली, अर्थ नाही. फरक एवढाच!

तिथून खरं काम सुरू झालं. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली होती. रोज संध्याकाळी चहा झाला की मी वीस कार्डं घेऊन बसायची. प्रत्येक कार्डाला चारच प्रश्न: तुम्ही यांना काय म्हणता? कशासाठी लागतात? शेवटचं कधी बोललात? मागे काय लिहिलंय? उत्तरं बाबांच्याच शब्दांत भरली. ‘चष्मेवाला’, ‘भाव करू नये’, ‘फोनपेक्षा गेलेलं बरं’. मग तीन खुणा ठेवल्या: चालू, झोपलेलं, गेलेलं.

‘गेलेलं’ म्हटलेली कार्डं मी पुसून टाकणार होते. यादी हलकी होईल म्हणून. बाबांनी एक कार्ड हातात धरून ठेवलं. त्याच्या मागे फक्त ‘तार १० किलो, पैसे नंतर’ एवढंच होतं. दुकान नवीन असताना, कोणी ओळखत नसताना, त्या माणसाने दहा किलो तार नुसत्या शब्दावर दिली होती. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. “नंबर पुस,” बाबा म्हणाले, “माणूस राहू दे.” म्हणून माझ्या यादीत फोन नसलेली एकवीस माणसं आहेत. डेटाबेसच्या नियमात बसत नाही, पण आहेत.

त्यांच्या दुकानाचा जुना नंबर मी २ लावून फिरवून पाहिला होता. मुलाने उचलला. वडखळ म्हटल्याबरोबर त्याने बाबांचं नाव सांगितलं.

तुमच्यासाठी

एक इशारा. कार्ड वाचून देणारी फुकट ॲप्स भरपूर आहेत, पण बरीचशी सगळी माहिती त्यांच्या सर्व्हरवर पाठवतात आणि वर आपल्या कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागतात. कार्ड त्या माणसाने बाबांना दिलं होतं, मला नाही, ॲपवाल्याला तर नाहीच. म्हणून आमची यादी दुकानाच्या कॉम्प्युटरवर आणि एका पेनड्राईव्हवर आहे, ग्रुपवर नाही.

आणि आता आपल्या हॉस्टेलकडे या. गीझर बिघडला, पंप बंद पडला की ऑफिसच्या ड्रॉवरमधून कार्डं उपसली जातात ना? फेस्टच्या कमिटीला स्पॉन्सर्सची कार्डं मिळतात, कमिटी पास आऊट होते आणि पुढची बॅच पुन्हा शून्यापासून दारोदार फिरते. हे काम एका वीकएंडला होण्यासारखं आहे. फक्त यादीत एक रकाना जास्त ठेवा: ‘हा माणूस कसा आहे आणि हे कोणाला माहीत आहे’. आणि तो भरून घ्या, सांगणारे अजून कॅम्पसवर आहेत तोवर. आमचे प्लंबर काका, वॉचमन काका, ऑफिसमधले बाबू, यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याही कार्डावर छापलेलं नाही.

आता दादा ‘रविवार’ टाईप करतो आणि चार नावं समोर येतात. बाबा पुन्हा दुकानात बसतात. लॅपटॉपला ते हात लावत नाहीत. त्यांनी नवे रबरबँड आणलेत आणि तीन डबे गल्ल्याखाली परत होते तिथेच आहेत. परवा एक नवीन कार्ड आलं. बाबांनी ते उलटं करून मागे काहीतरी लिहिलं आणि मग माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, “हे वाचता येतंय का बघ.”

आलं. या वेळी अर्थासकट!